पट मारण्याआधी बॉलचा रस्ता बघायचा म्हणजे नक्की काय बघायचं

व्हिज्युअलायझेशन, म्हणजे मारण्याआधी शॉट मनात बघणं, हा शब्द हल्ली आमच्या गोल्फ क्लबात सगळ्यांच्या तोंडी असतो, पण कुणाला विचारलं की तुम्ही नेमकं काय बघता तर बहुतेक जण सांगतात, बॉल होलमध्ये पडताना बघतो. बस्स. मला हे फार अपुरं वाटतं. बॉल आत पडलेला बघणं ही झाली इच्छा, ती सगळ्यांचीच असते, पण पटिंग (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल घरंगळवत होलकडे मारणं; तो शॉट म्हणजे पट आणि त्याची काठी म्हणजे पटर) सुधारायचं तर आख्खा रस्ता बघावा लागतो, म्हणजे बॉल पटरवरून सुटला, किती वेगात गेला, कुठे वळायला लागला, कुठे दमला आणि कपाच्या, म्हणजे होलच्याच, कुठल्या बाजूनं आत शिरला, हे सगळं, आणि तेही खऱ्या वेगात. माझ्या खेळात आजवर सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असेल तर ह्यानं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पटिंगवर एवढा वेळ का घालवायचा असं ज्यांना वाटतं त्यांनी टोकियो ऑलिंपिक आठवावं. ऑगस्ट २०२१, शनिवारची पहाट, ज्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नाही ती माणसंसुद्धा टीव्हीसमोर बसली होती. आपली अदिती अशोक ड्राइव्हच्या, म्हणजे पहिल्या लांब शॉटच्या, अंतरात यादीच्या अगदी तळाशी, बाकीच्या मुली तिच्या कितीतरी पुढे बॉल टाकत होत्या आणि तरी ती चारही दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटरच्या जोरावर. न्यूझीलंडची लिडिया को १६ अंडर (म्हणजे ठरलेल्या शॉटपेक्षा १६ कमी), अदिती १५ अंडर, एका शॉटनं ब्राँझ गेलं. ते आठवलं की अजूनही आवंढा येतो. पण लांब मारायची ताकद सगळ्यांना नसते आणि वय झालं की असलेली पण कमी होते, पटरचं तसं नाही, सत्तरीतली माणसं आमच्याकडे तरण्या पोरांना ग्रीनवर हरवतात.

आता रस्ता बघायचा तर आधी स्पीड ठरवावा लागतो आणि इथंच गाडं अडतं. लोक आधी लाईन, म्हणजे बॉल कुठल्या दिशेनं सोडायचा ते, बघतात, होलच्या डावीकडे एक कपाच्या रुंदीएवढं, उजवीकडे दोन कप, आणि मग मारताना स्पीडचं बघू म्हणतात. पण एकाच उतारावर जोरात मारलेला बॉल कमी वळतो आणि हळू मारलेला जास्त, म्हणजे लाईन अशी एकच नसतेच, प्रत्येक स्पीडची आपापली लाईन असते. डेव्ह पेल्झ हे आधी नासामध्ये होते, मग पटिंगच्या अभ्यासात पडले, त्यांचं म्हणणं असं होतं की पट हुकला तर बॉल होलच्या साधारण १७ इंच पुढे जाऊन थांबेल एवढा स्पीड असावा. मला स्वतःला त्याहून थोडा कमी आवडतो, फूटभर पुढे जाईल इतका, कारण हळू येणाऱ्या बॉलला कपाची जवळजवळ सगळी रुंदी वापरता येते आणि जोरात आलेला कडेला लागून बाहेर फेकला जातो. होल ४.२५ इंचाचं आणि बॉल १.६८ इंचाचा, जागा तशी भरपूर आहे, पण ती स्पीड बरोबर असेल तरच.

आणि वळण कुठे येतं? बहुतेकांच्या डोक्यातलं वळण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं गोल असतं. खरा बॉल तसा जात नाही. तो सुरुवातीला वेगात असतो तेव्हा उताराला फारसं जुमानत नाही आणि वेग मेला की उतार त्याला ओढतो, त्यामुळे खरा रस्ता छत्रीच्या दांड्यासारखा, बराचसा सरळ आणि शेवटी वाकलेला. हौशी खेळाडूंचे पट उताराच्या खालच्या बाजूनं हुकतात, आणि त्या बाजूला अमॅच्युअर साइड असं नावच पडलंय, त्याचं एक कारण हेच असावं असं मला वाटतं, शेवटच्या दोन-तीन फुटांतलं वळण त्यांनी डोक्यात धरलेलंच नसतं.

हे बघायची सगळ्यात सुंदर सोय निसर्गानं करून ठेवलीय. डिसेंबर-जानेवारीत अगदी पहिल्या टी टाइमला, म्हणजे खेळ सुरू करायच्या पहिल्या वेळेला जा, माळी लोकांनी बांबूनं दव झाडायच्या आधी. ग्रीन चांदीसारखं पांढरट दिसत असतं आणि बॉल गेला की त्याच्या मागे गडद हिरवी रेघ उमटत जाते. एक पट मारा आणि मग मागे उभं राहून ती रेघ नीट बघा. पहिला भाग पट्टीनं मारल्यासारखा, मग किंचित कललेला आणि शेवटच्या फुटात एकदम खाली उतरलेला. शेवटी शेवटी रेघेच्या बाजूला बारीक थेंब उडालेले असतात ते पण कमी होत जातात कारण बॉल दमलेला असतो. (दवात बॉल हळू चालतो, तेव्हा दुपारी कोरड्या ग्रीनवर तोच पट जास्त वळेल हे लक्षात ठेवा.) ही रेघ डोळ्यांत साठवून घ्यायची. नंतर मार्चच्या उन्हात उभे असलात तरी बॉलमागे उभं राहून तीच रेघ ग्रीनवर काढायची, मनानं. माझ्यासाठी व्हिज्युअलायझेशन म्हणजे एवढंच आहे.

आमच्याकडे एक वयस्कर कॅडी (खेळाडूसोबत बॅग घेऊन चालणारे मदतनीस) आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. काका बॉलमागे बसून कधीच लगेच लाईन सांगत नाहीत, आधी उताराच्या खालच्या बाजूला जाऊन मध्यावर उभे राहतात, तिथून परत येतात आणि मग झेंड्याच्या काठीनं लांबूनच एक जागा दाखवतात. "सर, होलचं सोडा. ती जुनी पिचमार्कची, बॉल पडल्याची, खूण दिसतेय का, तिच्यावर आणून सोडा फक्त, तिथनं तो आपला आपण उतरतो." आणि मग विचारतात, "किती वाजता आत जाणार?" म्हणजे होल घड्याळ समजायचं, आपल्या बाजूला सहा, पलीकडे बारा. डावीकडून उजवीकडे वळणारा पट असेल तर बॉल सात-आठच्या मधून आत शिरणार, सहातून नाही. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो कारण त्याचं उत्तर द्यायचं तर स्पीड, वळण, सगळं ठरलेलं असावं लागतं. उत्तर येत नसेल तर चित्र तयार नाही, मग मारू नये.

मोठे खेळाडू हे आपापल्या पद्धतीनं करतातच. १८ मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकणारे जॅक निक्लॉस सांगायचे की सरावातसुद्धा डोक्यात स्वच्छ चित्र आल्याशिवाय ते शॉट मारत नसत, आणि त्यांचा क्रम बघण्यासारखा आहे, आधी बॉल जिथं थांबायचा ती जागा, मग तिथपर्यंतचा रस्ता आणि स्विंग सगळ्यात शेवटी. टायगर वूड्सला त्याच्या वडिलांनी, अर्ल वूड्स यांनी, लहानपणीच शिकवलं होतं की चित्राकडे पट मार. जेसन डे बॉलमागे उभा राहून चक्क डोळे मिटून घेतो, टीव्हीवर त्याच्या पापण्या हलताना दिसतात, २०१५ ची पीजीए चॅम्पियनशिप त्यानं व्हिसलिंग स्ट्रेट्सला २० अंडरनं जिंकली. आणि त्याच वर्षी मास्टर्स जिंकणारा जॉर्डन स्पीथ छोटे पट तर बॉलकडे न बघता होलकडे बघत मारायचा, म्हणजे चित्र आणि स्ट्रोक यांच्यात फटच नको. हे शेवटचं सरावात करून बघा, तीन-चार फुटांवरून, हात आपोआप मोकळे होतात.

चित्र वाईट असेल तर काय होतं यावर १९८५ मध्ये वुलफोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पट मारायला लावले, एका गटानं आधी बॉल आत जातोय अशी कल्पना करायची, दुसऱ्यानं तो थोडक्यात हुकतोय अशी. पहिला गट सुधारला, दुसरा आधी होता त्यापेक्षा बिघडला. म्हणून "शॉर्ट नको राहू दे, शॉर्ट नको राहू दे" (बॉल होलच्या अलीकडे नको थांबू दे) असं मनात घोकत पट मारायला उभं राहू नये, कारण डोक्यात तेव्हा शॉर्ट राहिलेला बॉलच दिसत असतो. नजरेबद्दल कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांचं काम आहे, १९९२ चं, चांगले पट मारणारे नजर इकडेतिकडे कमी फिरवतात, मारायच्या आधी ती बॉलवर शांतपणे टिकवतात आणि बॉल गेल्यावरही क्षणभर तिथंच ठेवतात असं त्यांना दिसलं. त्यामुळे बघून झालं की पाय लावायचे, एकदा होलकडे नजर, परत बॉलवर, आणि मारायचं. जास्त वेळ उभं राहिलं की चित्र विरतं आणि त्या जागी शंका येतात. २०१९ पासून नियमांतही ४० सेकंदांच्या आत शॉट मारावा अशी शिफारस आहे आणि पटसाठी ते पुष्कळ झाले.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. काही लोकांना डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही, मुळातच नाही. अ‍ॅडम झीमन या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टनी २०१५ मध्ये त्याला अफँटेझिया नाव दिलं. तुम्ही त्यातले असाल तर नाराज व्हायचं काही कारण नाही, बॉल कपात पडल्याचा तो ठक् आवाज कधी येणार ते मनात ऐका, किंवा होलकडे बघत सरावाचे स्ट्रोक मारा आणि हाताला जो वजनाचा अंदाज येतो तोच तुमचं चित्र समजा. माझा एक खेळगडी मनात फक्त एक-दोन-तीन-चार मोजतो, चारला बॉल पडला पाहिजे, बास, आणि त्याचा स्पीड आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात चांगला आहे.

डोळे फसवतात ते वेगळंच. खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर डोंगर इतके जवळ आहेत की त्यांच्या पुढे ग्रीनचा खरा उतार कळतच नाही, सपाट वाटणारा पट वळतो आणि चढाचा वाटणारा भलताच पुढे पळतो. अशा ठिकाणी पायांना विचारावं. मार्क स्वीनी यांची एमपॉइंट पद्धत यावरच आहे, अ‍ॅडम स्कॉट ती वापरतो, लाईनवर पाय फाकून उभं राहायचं आणि कुठल्या पायावर जास्त भार येतोय ते बघायचं. आणि आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं, त्याचा ग्रेन, म्हणजे पाती कुठल्या दिशेला झुकलीत ते, बघायला विसरू नका. बॉलमागून बघताना गवत चकाकत असेल तर ग्रेन तुमच्यापासून पुढे आहे, बॉल पळणार, काळपट दिसत असेल तर तो समोरून येतोय, बॉल अडखळणार. हे सगळं चित्रात आधीच आलं पाहिजे, नाहीतर रेघ कितीही सुंदर काढली तरी ती दुसऱ्याच ग्रीनची.

घरी सरावाला सतरंजी पुरते. शेवटाला एक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) आडवी ठेवा आणि तिला बॉल लावायचा प्रयत्न करा, मग कोर्सवर होल ऐसपैस वाटतं. प्रॅक्टिस ग्रीनवर मात्र मी सांगेन की डोळे मिटून मारा आणि उघडायच्या आधी मोठ्यानं सांगा, शॉर्ट, लांब, डावीकडे, उजवीकडे. मग उघडून बघा. सुरुवातीला अंदाज आणि बॉल यांचा काही मेळ बसणार नाही, हळूहळू बसायला लागतो आणि तेव्हा समजायचं की डोक्यातला बॉल आणि खरा बॉल एकाच वेगानं चालायला लागलेत.

आणि पट आत गेला की नाही यावरून चित्राला मार्क देऊ नका. पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात. बॉल ठरवलेल्या जागेवरून गेला का आणि ठरवलेल्या जोरानं गेला का एवढंच बघा, मी तर स्कोअरकार्डवर प्रत्येक होलपुढे त्यासाठी बारीक टिंब देतो, आत गेलेल्या पटांचा हिशोब वेगळा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मंथली मेडल, म्हणजे क्लबची महिन्याची स्पर्धा, आहे, ग्रीन बारीक कापून फास्ट करणार आहेत असं ऐकलंय, तेव्हा सध्या ३० फुटांचे उताराचे पट मारतोय आणि प्रत्येकाला आधी वेळ सांगतोय, किती वाजता आत.