एम्प्रेस मिलच्या पट्ट्याचं रील

नागपुरात बसून मी मासेमारीची जुनी रीलं, म्हणजे गळाची तार गुंडाळायची हातयंत्रं, दुरुस्त करतो असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "इथं कोण आणतं बाप्पा तुमच्याकडे?" आणतात. कन्हान, वैनगंगेच्या काठावर हौसेनं गळ टाकून बसणारे आहेत. कामठीच्या जुन्या बंगल्यांतून कबाड्याकडे गेलेली इंग्रजी रीलं आहेत. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं काहीतरी फडक्यात गुंडाळून आणणारी नातवंडं तर आहेतच. मी मूळचा टाइपरायटरचा मेकॅनिक. कोर्टाबाहेरची यंत्रं थंडावली तेव्हा माझ्याकडे बारीक पेचकस, स्प्रिंगांचे डबे आणि रिकामा वेळ उरला. मागच्या खोलीतलं टेबल तेच आहे, वरचं यंत्र तेवढं बदललं.

हा किस्सा मे महिन्यातला. उन्हाच्या आधी पोचावं म्हणून तो मुलगा सकाळी आठलाच आला, डोक्याला दुपट्टा बांधून. घर गणेशपेठेत, नोकरी पुण्याला. हातात रील आणि परदेशातून मागवलेल्या सुट्या भागांचं पाकीट. रात्रीच्या गाडीनं चेन्नई आणि तिथून मित्रांबरोबर अंदमान, बोटीवरून ट्रोलिंग करायला, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासे धरायला.

"काका, याला एकदम नवं करून द्या. कार्बनचे वायसर आहेत, स्टीलचा स्लीव्ह आहे, सगळं आणलंय. आजोबांचं रील आहे, यानंच टूना काढायचा आहे मला."

रील होतं पेन कंपनीचं लाँग बीच. फिलाडेल्फियात १९३२ साली ओटो हेन्झे नावाच्या जर्मन माणसानं ही कंपनी काढली. त्यांची जुनी रीलं म्हणजे काळ्या प्लेटा, क्रोम चढवलेल्या पितळी कड्या, आत पितळी गिअर, हँडलखाली ड्रॅग (तार सुटताना तिला होणारा अडथळा) आवळायची चांदणी. उघडायला सोपी, मारायला कठीण. आजोबांचे मेव्हणे मुंबईच्या गोदीत होते, त्यांच्याकडून ते नागपूरला आलं आणि पुढे वैनगंगेच्या कटल्यांवर चाललं. समुद्राच्या माशासाठी केलेलं यंत्र जन्मभर गोड्या पाण्यात राहिलं, म्हणूनच ते इतकं शाबूत होतं. मिठानं खाल्लेली रीलं मी पाहिली आहेत. त्यांचे स्क्रू निघत नाहीत, तुटतात.

इथंही दोन स्क्रू कळकले होते. एरवी मी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवतो, पण त्या दिवशी रात्र नव्हती. सोल्डरिंगची इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरली, थेंबभर तेल सोडलं आणि खाचेत घट्ट बसेल असं पातं घासलेल्या पेचकसानं पाव-पाव फेरा मागेपुढे केला. पितळी स्क्रूची खाच एकदा गेली की गेली. निघालेला प्रत्येक भाग क्रमानं इडलीपात्राच्या खळग्यात ठेवायचा, ही माझी पद्धत. (ते पात्र स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरात केव्हाच मान्य झालंय.)

ड्रॅगचे वायसर निघाले आणि मी भिंग घेतलं. कंपनीचे नव्हते. चामड्याचे होते, जाड, कडा हातानं कापलेल्या, मधलं भोक मात्र पंचनं पाडलेलं, अगदी गोल. तेल पिऊन काळे पडलेले. मुलानं वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"हो, ते बाबांनी केले होते. मिलच्या पट्ट्याचं चामडं हाये ते. एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते ना ते. फेकू नका बरं!"

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली एम्प्रेस मिल, जिथं आता मॉल आहे. यंत्रं फिरवणाऱ्या चामडी पट्ट्याचा तुकडा फिटरच्या खिशात जाणं काही नवल नाही. नवल हे, की ते वायसर अजून कामाचे होते. बोटानं दाबले तर दबत होते आणि परत फुगत होते. पट्ट्याचं चामडं घर्षण सोसायलाच कमावलेलं असतं, हे त्या माणसाला कारखान्यात रोज दिसत असणार.

आता कार्बन का घालतात ते सांगतो. मासा ओढतो तेव्हा स्पूल, म्हणजे तार गुंडाळलेलं रीळ, फिरतो, त्याच्याबरोबर गिअर फिरतो आणि हा गिअर वायसरांच्या मध्ये घसरतो. हँडलचा स्लीव्ह (हँडल बसतं ती नळी) मात्र एका छोट्या खिटीनं अडवलेला असतो, उलटा फिरत नाही. या घसरण्याला म्हणायचं ड्रॅग. चामडं तापलं, भिजलं की त्याची पकड बदलते. पहिल्या हिसक्याला चिकटून बसतं आणि मग एकदम सुटतं. तार तुटते ती त्याच क्षणी. कार्बन असा अडखळत नाही. पेन कंपनीच स्वतःचे कार्बनचे वायसर एचटी-१०० नावानं विकते. त्यात भर म्हणजे तार जसजशी बाहेर जाते तसा स्पूलवरचा व्यास कमी होतो आणि चांदणीला हात न लावताही तारेवरचा ताण वाढतो. व्यास अर्धा झाला तर ताण दुप्पट. टूना शंभर-दीडशे मीटर तार ओढून नेतो तेव्हा हे हिशेब हातात जाणवतात. तेव्हा कार्बन घालणं बरोबरच.

पण कार्बननं रील मजबूत होत नाही. त्यानं जोर वाढवता येतो, आणि तो जोर पुढच्या कच्च्या भागावर जाऊन बसतो. आधी खिटीवर, मग स्लीव्हवर, मग स्पूलवर. चामडं लवकर घसरायचं म्हणून बाकी सगळं वाचलं होतं. खिटीची स्प्रिंग मेली होती, ती मी टाइपरायटरच्या पोलादी पट्टीतून कापून बसवली. स्लीव्ह त्यानं आणला होताच. राहिला स्पूल, आणि तो प्लास्टिकचा होता.

हा स्पूल सुती आणि लिननच्या दोरीच्या काळातला. ड्यू पाँटनं नायलॉन जाहीर केलं १९३८ साली, आणि नायलॉनची एकपदरी तार सगळीकडे पसरायला पुढची वीसेक वर्षं गेली. नायलॉन ताणलं की लांबतं. ताणात गुंडाळलेला प्रत्येक वेढा आखडायला बघतो. असे शेकडो वेढे एकावर एक बसले की मधला गाभा आवळला जातो आणि दोन्ही बाजूंच्या चकत्या बाहेर ढकलल्या जातात. जुने प्लास्टिकचे स्पूल याच कारणानं फुटतात. याच्या चकतीच्या मुळाशी भिंगातून केसाएवढी रेघ दिसत होती.

"हा तिकडे फुटणार," मी म्हणालो.

"आजोबांच्या हातात इतकी वर्षं नाही फुटला तो काका."

"आजोबा चार किलोच्या ताणावर ओढत होते का? आपण इथंच ओढून पाहू. फुटला तर माझ्या टेबलावर फुटेल."

तो जरा वेळ गप्प राहिला, मग हो म्हणाला. हो म्हणवून घेतल्याशिवाय मी हात लावला नसता. वस्तू त्याच्या घरची.

एका व्हाइसमध्ये त्याचं रील, दुसऱ्यात माझं एक, ड्रॅग ताणकाट्यावर मोजून चार किलोवर लावलेला. माझ्या रीलवरची जाड नायलॉनची तार त्याच्या रीलवर गुंडाळत गेलो. दोन तृतीयांश भरत आला आणि हँडल जड झालं. चकती फुगून कडीला घासत होती. मी थांबलो, रीलवर टॉवेल टाकला आणि चहा मागवला. चहा निम्मा झाला नव्हता तोच टॉवेलखाली "कट्ट" झालं. उचलून पाहिलं तर एक चकती मुळापासून निखळून तिचे तीन तुकडे, आणि तार सैल होऊन बाहेर. मुलाचा चेहरा उतरला. माझी मात्र अर्धी काळजी गेली. नको तिथं फुटण्यापेक्षा हे बरं.

हिंगण्याच्या एमआयडीसीत माझा एक टर्नर आहे. भर उन्हात स्कूटरवर दोघं गेलो. अ‍ॅल्युमिनियमचा जाडजूड रॉड त्याच्याकडे होता. मी एकच अट घातली, चकती आणि गाभा जिथं मिळतात तिथं काटकोन ठेवायचा नाही, गोलाई द्यायची.

"गोलाई काऊन? आत कोन पाहून राहिलं तिथं?"

"कोणी पाहत नाही, पण ताण तिथंच बसतो. काटकोनातूनच चीर सुरू होते."

फुटलेली चकती दाखवल्यावर तो पुढे काही बोलला नाही. जुना पोलादी दांडा आम्ही काढून आणला होता. नव्या स्पूलचं भोक दांड्यापेक्षा किंचित बारीक ठेवलं. घरी येऊन दांडा फ्रीझरमध्ये आणि स्पूल गॅसवर. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. थेंब टाकला की पाणी चर्रकन उडेल इतकं तापल्यावर दांडा हातानंच सरकला आणि निवल्यावर असा पकडला की मुलगा पिळून दमला. तरी भरवसा नको म्हणून आडवी पिन ठोकली. क्लिकचं दातेरी चाक परत बसवलं, कार्बनच्या वायसरांना ड्रॅगचं खास ग्रीस अगदी पातळ पुसलं, आणि पुन्हा त्याच चार किलोवर पूर्ण स्पूल भरला. सहा वाजता हँडल बोटानं फिरत होतं.

क्रोम चमकवून द्या, असा हट्ट त्यानं अजून सोडला नव्हता. मी नाही म्हणालो. त्या पातळ थराला भांड्यांची पावडर लागली की पितळ उघडं पडतं, आणि समुद्रात ते पंधरा दिवसांत हिरवं होतं. सुती फडकं आणि तेलाचा हात पुरे. उलट मी त्याला दुसरंच बजावलं. हा स्पूल अ‍ॅनोडाइझ केलेला नाही, म्हणजे त्यावर संरक्षक थर चढवलेला नाही, पितळ आणि पोलादाशी टेकलेला आहे, खारं पाणी राहिलं तर आधी अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जाईल. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं हलकेच धुवायचं. नळाची जोराची धार मारली तर मीठ आत ढकललं जातं. आणि चांदणी चार किलोच्या पुढे आवळायची नाही, मासा कितीही मोठा असो.

चामड्याचे वायसर फिल्मच्या डबीत घालून दिले. फुटलेला स्पूल त्यानं मागितला, तोही दिला. टर्नरचे पैसे त्यानं तिथंच चुकते केले होते, माझे देताना मात्र तीनदा विचारलं, "एवढेच?"

दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन आला. टूना नाही, पण एक दांडगी सुरमई लागली होती. ड्रॅग सुरळीत सुटला, स्पूलला काही झालं नाही, खिटी पकडून राहिली. फक्त ओढाताणीत रॉडवरची रील धरणारी क्लिप वाकली आणि रील हातात आलं. मित्रानं रॉड धरला, यानं रील, आणि दोघांनी मिळून मासा वर घेतला म्हणे.

"काका, रॉड पण करता का तुम्ही?"

रॉड मी करत नाही. हिंगण्याच्या टर्नरचा नंबर दिला.