नानांबरोबर प्रा नदीपर्यंत

न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना सगळे 'नाना' म्हणतात, आणि माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिला याचे हसू आवरेना, कारण तिच्या लेखी नाना म्हणजे धोतर नेसून ओसरीवर अडकित्ता चालवणारे तिचे चुलते. पश्चिम आफ्रिकेत, घानामध्ये राहणाऱ्या अकान लोकांच्या भाषेत मात्र हा शब्द आजीला, आजोबांना, राजाला, पुरोहिताला आणि देवालाही सारखाच लागू होतो. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. नानांचा जन्म दक्षिण कॅरोलिनातल्या एका बाप्टिस्ट घरातला. चाळिशी उलटल्यावर त्यांनी घानामधून आलेल्या अकान धर्मपरंपरेची दीक्षा घेतली आणि काही वर्षांच्या खडतर शिक्षणानंतर त्या ओकोम्फो, म्हणजे जिच्या अंगात देव येतो अशी पुरोहिता, झाल्या.

आईने नाशिकच्या रामकुंडातून आणलेला, डाग देऊन बंद केलेला तांब्याचा गडू आमच्या देव्हाऱ्यात आहे. तो पाहून नानांनी एकच प्रश्न विचारला, "ही कोणती नदी?" मी गोदावरीचे नाव सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला तुझी नदी ठाऊक आहे. मला माझी ठाऊक नाही." या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला नाही. गेल्या हिवाळ्यात त्या घानाला निघाल्या आणि बरोबर येतेस का असे त्यांनी विचारले, तेव्हा मी होकार दिला तो बराचसा त्या वाक्यामुळेच.

तो अर्थ त्यांनी मला विमानात उलगडून सांगितला. अकान समजुतीप्रमाणे माणसाला रक्त आईकडून मिळते, म्हणून कुळ, वारसा आणि गादीचा हक्क आईच्या वंशाने चालतो. बापाकडून मात्र त्याला 'न्तोरो' मिळते, म्हणजे त्याच्या स्वभावाला आकार देणारे एक सूक्ष्म तत्त्व, आणि या न्तोरोंची नावे बऱ्याच अंशी पाण्यावरून पडलेली आहेत. बोसोमप्रा हे नाव प्रा नदीवरून आले आहे आणि बोसोमत्वे हे त्याच नावाच्या तळ्यावरून. न्यामे हा परमेश्वर सर्वांच्या वर आहे, असासे या पृथ्वीमातेचा मान मोठा आहे. पण रोजच्या सुखदुःखात हाक मारायची ती 'अबोसोम' या देवतांना, आणि त्यांच्यातल्या थोर देवता नद्यांच्या व तळ्यांच्या आहेत. आपण गोत्र सांगतो तसा जुना अकान माणूस बापाचे पाणी सांगे. ज्याच्या पूर्वजांना साखळदंडात समुद्रापार नेले आणि ज्याच्या घराण्यातली नावेच पुसली गेली, त्याने बापाचे पाणी कोणते सांगायचे?

घानाची राजधानी आक्रा सोडून आम्ही प्रथम अकुआपेमच्या डोंगरकण्यावर लार्ते या गावी गेलो. इथल्या अकोनेदी देवस्थानाचा आणि अमेरिकेचा संबंध १९६५ साली जुळला. न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकी नृत्याचे पथक चालवणारे नाना याओ ओपारे दिनिझुलू त्या वर्षी इथे आले, आणि पुढे या देवस्थानाच्या प्रमुख पुरोहिता नाना अकुआ ओपारेबेआ यांनी स्वतः अमेरिकेत जाऊन तिथल्या कृष्णवर्णीयांना दीक्षा दिली. आज अमेरिकेतल्या अनेक शहरांत घराच्या मागच्या खोलीत जी अकान देवघरे आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याचशांचे मूळ या लहानशा गावात आहे. गंमत अशी की लार्तेचे लोक मुळात ग्वान भाषिक. परदेशात ज्याला सरसकट 'अकान धर्म' म्हणतात, त्यात शेजाऱ्यांच्या देवांचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतल्या या देवघरांत सर्वांत जास्त मान असुओ ग्येबी या देवाला आहे. 'असुओ' म्हणजे नदी. हा देव उत्तरेकडून प्रवास करत लार्तेला आला, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. नदी आपला काठ सोडून जात नाही, पण हा नदीचा देव मात्र फिरता आहे, आणि ज्यांना आपली नदी ठाऊक नाही त्यांना त्याने आपले म्हटले. नाना आत देवापाशी होत्या तेवढा वेळ मी अंगणात बसून होते. आत परक्यांना प्रवेश नव्हता आणि छायाचित्रेही काढायची नव्हती, त्यामुळे त्याविषयी मी काही लिहीत नाही.

किनाऱ्यावरच्या केप कोस्ट शहराहून आत कुमासीच्या रस्त्याला लागले की सुमारे चाळीस किलोमीटरवर आसिन मान्सो येते. गुलामांच्या व्यापाराच्या काळात इथे मोठा बाजार होता. उत्तरेकडून महिनोन्महिने चालवत आणलेल्या बंदिवानांना इथल्या नदीत शेवटची आंघोळ घालत, त्यांच्या अंगाला तेल चोपडत, म्हणजे माल तजेलदार दिसावा, आणि मग त्यांना किनाऱ्यावरच्या किल्ल्यांकडे हाकत. नदीच्या त्या भागाला 'दोंकोर न्सुओ', म्हणजे गुलामांचे पाणी, असे नाव आहे. प्रवेशद्वारापाशीच दोन थडगी आहेत. अमेरिकेत मरण पावलेला सॅम्युअल कार्सन आणि जमैकातली क्रिस्टल या दोन गुलामांचे अवशेष १९९८ साली समुद्रमार्गे आणून केप कोस्टच्या किल्ल्याच्या त्याच दरवाजातून आत घेतले, ज्यातून एके काळी फक्त बाहेर पडता येत असे, आणि मग त्यांना इथे माती दिली.

थडग्यांपासून पुढे नदीकडे चपला काढून जायचे. वाट बांबूच्या बेटांमधून जाते. मी मनात एखाद्या विस्तीर्ण पात्राची कल्पना केली होती. प्रत्यक्षात ती ओढ्याएवढीच नदी निघाली, गुडघाभर पाण्याची आणि जवळजवळ आवाज न करणारी. ज्या ठिकाणी इतके घडले ते इतके शांत असावे, याचा मला रागच आला. नाना पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांनी श्नॅप्सची बाटली उघडली (डच व्यापाऱ्यांनी आणलेली ही दारू इथल्या पूर्वजांच्या पूजेत इतकी मुरली आहे की आता तिच्यावाचून भागत नाही) आणि थेंबथेंब जमिनीवर ओतत आधी न्यामेला, मग असासेला, मग नद्यांना आणि शेवटी 'नानानोम न्सामानफो', म्हणजे पितरांना, हाक मारली. आपल्या तर्पणात तीन पिढ्यांची नावे घेतात; नानांना आजीच्या आईपलीकडे एकही नाव ठाऊक नव्हते, म्हणून त्या जागी त्या नुसत्या थांबल्या, बाटली तिरकी धरून, दारू सांडत असताना.

परतताना मी धीर करून मनातली शंका विचारली. 'दोंकोर' हा शब्द अकानांचाच आहे, आणि तो ते परक्या, विशेषतः उत्तरेकडच्या, गुलामाला लावत. बंदिवानांना या बाजारापर्यंत आणण्यात आणि विकण्यात आसांते व फांते या अकानांच्याच राज्यांचा हात होता, हे इतिहासाने लपवलेले नाही. मग विकणाऱ्यांच्याच देवांची पूजा कशी करवते? नाना चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "असुओ ग्येबी कुठून आला? उत्तरेकडूनच ना? मी ज्याला पुजते तोही परकाच म्हणून इथे आला होता." हे उत्तर मला पूर्ण पटले असे नाही, पण आजवर त्याला तोडही सुचलेली नाही.

आसिन प्रासोला प्रा नदीचा पूल लागतो. आसांते साम्राज्य आणि किनाऱ्याकडचा इंग्रजांचा अंमल यांच्यामधली ही सीमा. १८७४ साली इंग्रज फौजेने हीच नदी ओलांडून आसांतेंची राजधानी कुमासी जाळली. नानांच्या घरी प्रत्येक पूजेत तिचे नाव घेतले जाते, आणि तिचे थोडे पाणी घरी न्यायचे असे त्यांनी निघण्यापूर्वीच ठरवले होते. पुलावरून खाली पाहिले तर पाण्याचा रंग भरपूर दूध घातलेल्या चहासारखा होता. हरमॅटनचे, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याचे, दिवस होते, कित्येक आठवड्यांत पाऊस नव्हता. या दिवसांत नदी निवळलेली असायला हवी. हा गाळ पावसाचा नव्हे, 'गालामसे'चा, म्हणजे बेकायदा सोन्याच्या खाणींचा. नदीच्या पात्रातच तराफ्यांवर यंत्रे बसवून तळ उपसतात आणि सोने वेगळे करायला पारा वापरतात. २०२४ साली याच नदीवरच्या सेक्येरे हेमांग जलशुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याची गढूळता १४,००० एककांवर गेली होती, आणि त्या केंद्राची क्षमता २,००० एककांची होती. नाशिकला भरलेल्या गटारांचा वास घेत रामकुंडावर उभ्या राहिलेल्या माणसाला यावर बोट दाखवण्याचा अधिकार नाही, हे मला कळते. तरीही समुद्रापार जिचे नाव दर आठवड्याला घेतले जाते त्या नदीकडे तिच्या काठची माणसे अशी पाहतात, हे पाहणे कठीण होते.

नाना उतारावरून खाली गेल्या आणि त्यांनी बाटली भरली. आमच्या चालकाने "नाना, बोसोमत्वेला चांगले पाणी मिळेल," असे समजावून पाहिले. त्या नको म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोसोमत्वेला पोहोचलो. सुमारे १० लाख वर्षांपूर्वी उल्का आदळून तयार झालेल्या विवरातले हे तळे आहे. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. मृतांचे आत्मे त्वे देवाचा निरोप घ्यायला इथे येतात, अशी श्रद्धा आहे. पाण्याला लोखंड लागू द्यायचे नाही म्हणून जुन्या रीतीचे कोळी अजून लाकडी फळीवर बसून हातांनी वल्हवतात. नाना काठावर बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, पण तिथले पाणी त्यांनी घेतले नाही.

घरी परतल्यानंतर आठवडाभराने त्यांनी मला बोलावून ती बाटली दाखवली. तळाशी बोटभर तांबडा गाळ बसला होता, आणि वरचे पाणी अजूनही गढूळच होते. "तुझे निवळलेले आहे का?" त्यांनी विचारले. मी सांगितले की आमचा गडू डाग देऊन बंद केलेला आहे, आणि गेल्या अकरा वर्षांत आम्ही तो कधी उघडलेलाच नाही.