गुडघा वाकतोय? आधी घोटा बघा

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेलं मूल गुडघे वाकवून चालायला लागलं की घरचे गुडघ्याचा पट्टा मागतात. लागतो मात्र बहुधा घोट्याचा ब्रेस. पोटरीचा सोलियस स्नायू कमजोर असला (किंवा ऑपरेशनमध्ये टाचेची शीर जरा जास्तच लांबवली गेली असली) की पाऊल टेकल्यावर नडगी पुढे कलंडते. शरीराचा भार गुडघ्याच्या मागे पडतो आणि गुडघा सरळ होतच नाही.

अशा मुलाला घोट्याशी सांधा असलेला, म्हणजे हिंज्ड एएफओ (एएफओ म्हणजे घोटा आणि पाऊल धरणारा ब्रेस) देऊ नका. त्यात नडगीला पुढे झुकायला मोकळीक मिळते, आणि तीच तर थांबवायची असते. फ्लोअर रिअ‍ॅक्शन एएफओ घ्या, म्हणजे जमिनीचा उलटा दाब नडगीवर आणून गुडघा मागे रेटणारा. त्याचा घोटा पक्का, पुढून वाटीच्या जरा खालपर्यंत कवच आणि तळ बोटांच्या टोकापर्यंत कडक हवा. बूट घालायला सोपं जावं म्हणून तळ चवड्यापाशी कापला, तर तरफ आखूड होऊन ब्रेस नुसता शोभेचा उरतो. मूल वजनदार असेल तर ब्रेसचं पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिक घोट्यापाशी दबतं. पूर्ण भार देऊन उभं करा आणि बाजूने बघा. प्लास्टिक फुगताना दिसलं तर जाड शीट किंवा तिथे कार्बनची पट्टी हवी.

ब्रेससाठी पायाचा साचा घेण्याआधी मुलाला उताणं झोपवा. हाताने जोर लावूनही गुडघा सरळ व्हायला १०-१५ अंशांहून जास्त कमी पडत असेल तर ब्रेसने काम होत नाही, नडगीची कातडी तेवढी सोलते. पाऊल ३० अंश बाहेर वळलेलं असेल तरी तेच. आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. मग गुडघा सरळ ठेवून, टाच धरून घोटा ९० अंशांवर येतो का बघा. येत नसेल तर ओढूनताणून ९०वर साचा घेऊ नका. पोटरीला ढील हवी म्हणून गुडघा वाकणारच, नाहीतर पावलाची कमान मोडणार. घोटा येतो तिथेच साचा घ्या आणि टाचेखाली पाचर भरा.

नडगीचा कल मोजायचा तो बुटासकट. उभ्या रेषेपासून साधारण १०-१२ अंश पुढे ठेवून सुरुवात करा, मग चाल बघून पाचर कमी-जास्त करा. बुटाची टाच चवड्यापेक्षा १ सेंटिमीटर उंच असेल तर लहान पावलात ४-५ अंशांचा फरक पडतो. आपल्याकडे घरात बूट काढतात, तिथेच हे गणित बिघडतं. घरासाठी तेवढ्याच टाचेचा वेगळा जोड ठेवा. उकिडवं बसताना ब्रेस काढावाच लागेल.

पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास पुरे. काढल्यावर नडगीवरचा लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टे आवळू नका, कवच घासून घ्यायला परत न्या.