कसाऱ्याच्या घाटात दम कोंडला

"तिसऱ्या गिअरवर चढायची, आता दुसऱ्यावरही कुंथते," मुंबईहून नाशिकला घरी पोचल्या पोचल्या बाबा म्हणाले. त्यांची २००४ची पेट्रोल गाडी. कसाऱ्याचा घाट तिनं इतकी वर्षं बिनतक्रार चढलेला.

मी स्वतः चालवून बघितली. थंड असताना ठीक. दहा-बारा किलोमीटरनंतर पेडल तळाला टेकवलं तरी आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, वाढेना. आरपीएम वाढून वेग वाढला नसता तर क्लचवर संशय घेतला असता. इथं इंजिनच अडत होतं.

द्वारकेजवळच्या एका गॅरेजमध्ये प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलले. फरक शून्य. मग "पंप गेला, बदलून टाकू" म्हणाले. मी म्हटलं, आधी प्रेशर मोजू. गेज लावला तर ३ बार, स्थिर; म्हणजे पंप ठीक. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरना जवळपास सारखंच निघालं.

शेवटी सातपूरच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाणाऱ्या, नळीला व्हॅक्युम गेज जोडला; तो इंजिन हवा किती ओढतं ते दाखवतो. आयडलला, म्हणजे गाडी नुसती चालू असताना, सुई १७ इंचांवर. नाशिक ६०० मीटर उंचीवर असल्यानं ती मुंबईपेक्षा दोनेक इंच कमीच दाखवणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. मग रेस २,५०० वर धरून ठेवली. निरोगी इंजिनात सुई सावरून जागेवर येते. आमची हळूहळू घसरत राहिली: १५, १३, १०. "धूर बाहेर पडायला वाट नाही," काका म्हणाले.

संशय कॅटवर, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या डब्यावर. खात्रीसाठी त्याच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढला, म्हणजे त्या भोकातून धुराला वाट मिळेल, आणि एक चक्कर मारली. कानठळ्या बसल्या, पण गाडी उचलली!

कॅट उतरवून टॉर्च मारला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी वितळून तिचा गोळा झाला होता. पावसाळाभर गाडी मिसिंग करत होती, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नव्हता, आणि आम्ही तशीच पळवली, याचं मला फार वाईट वाटलं. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एका कॉइलचा स्पार्क कमजोर होता. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटत राहिलं. म्हणून आधी कॉइल बदलली, मगच नवा कॅट; उलट केलं असतं तर तोही गेला असता. आतली जाळी फोडून रिकामा डबा बसवण्याचा स्वस्त सल्लाही मिळाला होता. तो मी साफ नाकारला. तो विषारी धूर आपल्याच गल्लीत राहतो.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा मुंबईला गेले. परतताना घाट संपल्यावर इगतपुरीहून फोन केला: "तिसऱ्यावरच आलो."