तुम्ही विचारलेत म्हणून : रंगवलेली गोळी नेमकी लागते का?

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा पावडर कोटिंगचा, म्हणजे धातूवर रंगाची भुकटी बसवून ती भट्टीत भाजण्याचा, गाळा आहे, आणि रविवारी सकाळी मी वरळीच्या रायफल रेंजवर पोटावर आडवा पडून पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफलने ५० मीटरवरच्या कागदावर नेम धरतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला वर्षानुवर्षे वाटले नव्हते. अमेरिकेत स्थायिक झालेला माझा मावसभाऊ मात्र स्वतःच्या रायफलीसाठी शिशाच्या गोळ्या स्वतः ओततो, आणि एकदा त्याने निळ्या, तुकतुकीत, प्लास्टिकच्या मण्यांसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांचे छायाचित्र पाठवले. ते छायाचित्र मी रेंजवर दाखवल्यापासून एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो : गोळीला पावडर कोटिंग केले की ती लांबवर जास्त अचूक लागते का? दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस म्हणून उत्तराची अपेक्षा माझ्याकडून होते, म्हणून ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी स्वतः एकही गोळी ओतलेली नाही की रंगवलेली नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात. त्यामुळे गाळ्यातल्या भट्टीत ‘चार गोळ्या भाजून बघू या’ अशी सूचना करणाऱ्या उत्साही मित्रांना मी चहा पाजून परत पाठवतो.

शिशाच्या गोळीवर काहीतरी लावावे लागते, ही अडचण जुनी आहे आणि आपल्या प्रत्येकाने ती शाळेच्या इतिहासात वाचलेली आहे, फक्त त्या अंगाने वाचलेली नाही. १८५७ सालची एनफिल्ड रायफलीची चरबी लावलेली काडतुसे आठवा. ती चरबी तिथे कशासाठी होती, हे मला शाळेत कोणी सांगितल्याचे आठवत नाही. नळीला आतून पेचदार खाचा असतात. शिशाची गोळी त्यांतून तोंडाकडून आत ढकलायची तर घर्षण कमी व्हायला हवे आणि आधीच्या बारांची काजळी मऊ राहायला हवी, म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला स्निग्ध पदार्थ लावत. पुढे १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे अमेरिकन आणि आयरिश संघांचा जो प्रसिद्ध सामना ८००, ९०० आणि १००० यार्डांवर झाला आणि जो अमेरिकनांनी ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला, तोही शिशाच्याच गोळ्यांनी. (एका आयरिश नेमबाजाने अप्रतिम गोळी झाडली, पण ती दुसऱ्याच निशाणावर, तिचे शून्य गुण धरले गेले. आमच्या रेंजवर शेजाऱ्याच्या कागदावर गोळी लावणाऱ्या नवशिक्यांना मी ही हकिगत आवर्जून सांगतो.) म्हणजे कोटिंग नसतानाही, तांब्याचे कवच नसतानाही, माणसे जवळजवळ एक किलोमीटरवर नेम साधत होती.

मग बदलले काय? बदलला तो वेग. १८८० च्या दशकात धूरविरहित दारू आली, गोळीचा वेग एकदम वाढला आणि उघडे शिसे तो सोसेना. मागचा तप्त वायू गोळी आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटींतून पुढे घुसतो, शिशाचा पृष्ठभाग खरवडतो, आणि ते शिसे नळीच्या पोलादावर लेपासारखे चिकटून बसते. पुढची प्रत्येक गोळी त्या खडबडीत लेपावरून घासत जाते आणि दहा-बारा बारांत नेम विस्कटतो. यावर कारखान्यांनी काढलेला उपाय म्हणजे तांब्याचे कवच. घरी गोळ्या ओतणाऱ्यांनी मधमाशीचे मेण आणि वंगण यांचे मिश्रण गोळीभोवतीच्या खाचांत भरण्याची पद्धत चालू ठेवली, आणि अलीकडे त्यांतल्याच काहींना पावडर कोटिंग सुचले.

हे सुचणे मला व्यवसायाच्या दृष्टीने अगदी रास्त वाटते. आमची पावडर म्हणजे पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी राळेची पिठासारखी भुकटी. तिला विद्युतभार दिला की ती जमिनीला जोडलेल्या धातूवर ओढली जाऊन चिकटते, आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळून, एकजीव होऊन, कायमची कडक बनते. पुन्हा तापवली तरी ती मेणासारखी वितळत नाही. म्हणूनच नळीत हा थर मेणापेक्षा चांगला टिकतो आणि शिसे व पोलाद यांची गाठच पडू देत नाही. गाळ्यात आम्ही भार देण्यासाठी हजारो व्होल्टची, पावडर फवारणारी गन वापरतो, तर मावसभाऊ प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या, पावडर आणि प्लास्टिकचे बारीक मणी घालून नुसता हलवतो. घर्षणाने भार निर्माण होतो आणि पावडर बसते. ही युक्ती मुंबईत जुलै महिन्यात कोणी करून पाहिली तर त्याची फजितीच होईल, कारण दमट हवेत घर्षणाचा भार टिकत नाही. पावसाळ्यात आमच्या गनमधूनही पावडर गोळे धरून बाहेर पडते आणि कंप्रेसरच्या हवेतले पाणी काढण्यातच अर्धा दिवस जातो.

भट्टीचे तापमान शिशाला सोसते का, असे विचारणाऱ्यांना धातूचे मिश्रण आधी विचारावे लागते. शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते, पण ते इतके मऊ असते की रायफलीच्या दाबाखाली आकार धरत नाही. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात : अँटिमनीने कठीणपणा येतो, तर कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो. हे मिश्रण मुंबईला परके नाही. गिरगाव-काळबादेवीच्या छापखान्यांत जे खिळे जुळवले जात, ते याच तीन धातूंचे. लायनोटाइपच्या मिश्रणात तर सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे, आणि गोळ्या ओतणारे लोक आजही बंद पडलेल्या छापखान्यांतले ते शिसे शोधत असतात. अक्षराची कड जशी तीक्ष्ण उमटायला हवी, तशीच गोळीच्या बुडाची कडही, त्यामुळे गरज दोघांची एकच. हे मिश्रण २४० अंशांच्या आसपास वितळू लागते, म्हणजे २०० अंशांची भट्टी चालते, पण फार सैलपणे नव्हे. भट्टीच्या एखाद्या कोपऱ्यात तापमान ३०-४० अंशांनी जास्त असते हे प्रत्येक कोटिंगवाल्याला ठाऊक आहे. लोखंडी जाळीला त्याने काही होत नाही, गोळी मात्र मऊ पडून खचते. शिवाय गरम गोळी पाण्यात टाकून तिला आणलेला कठीणपणा भट्टीत भाजून सावकाश थंड केल्यावर उतरतो, ही बाब नवखे लोक विसरतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, आणि तिथे माझे उत्तर प्रश्नकर्त्यांना सहसा आवडत नाही. कोटिंगमुळे गोळी अचूक होत नाही. कोटिंगमुळे शिशाची गोळी जास्त वेगाने झाडता येते, एवढेच. जगातली सर्वांत अचूक शिशाची गोळी कोणती, असे विचारले तर ती आम्ही रविवारी झाडतो ती पॉइंट टू-टूची, सुमारे २.६ ग्रॅमची, मेणाचा हात फिरवलेली उघडी गोळी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने) या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि तिथे हीच साधी गोळी चालते, कारण तिचा वेग ध्वनीपेक्षा कमी असतो आणि मेण तेवढा वेग निभावते.

अचूकता कशाने येते हे मला रेंजवर नव्हे, तर गाळ्यात, स्वतःच्या चुकीने कळले. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने छोट्या ब्लोअरचे पंखे कोटिंगला दिले होते. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलांनी ते हुकावर एकाच बाजूने टांगले आणि गन एकाच बाजूने चालवली. रंग दिसायला उत्तम, पण थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ बसला. ब्लोअर सुरू केल्यावर ते थरथरू लागले आणि सगळा माल परत आला. मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर जे जाणवले, ते गोळीच्या बाबतीत काय होईल? आतल्या खाचांना २५४ मिलिमीटरला एक फेरा असा पीळ असलेल्या नळीतून सेकंदाला ६०० मीटर वेगाने निघालेली गोळी मिनिटाला १,४१,००० हून अधिक फेऱ्या घेते.

समजा, गोळीवर एका बाजूला ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि समोरच्या बाजूला २० मायक्रॉन थर बसला आहे. नळी गोळीला बाहेरच्या पृष्ठभागाने धरते, त्यामुळे आतला शिशाचा गाभा नळीच्या मध्यरेषेपासून फरकाच्या निम्मा, म्हणजे १० मायक्रॉन सरकलेला असतो. नळीत असेपर्यंत हा सरकलेला गुरुत्वमध्य मध्यरेषेभोवती फिरत राहतो आणि तोंडातून सुटताच, गोफणीतल्या दगडासारखा, त्या क्षणी ज्या दिशेला जात असेल त्या दिशेला निघतो. हिशेब सोपा आहे : सरकलेले अंतर गुणिले ६.२८, गुणिले निशाणाचे अंतर, भागिले एका फेऱ्याची लांबी. ३०० मीटरवर हे सुमारे ७.४ सेंटिमीटर येते, आणि तिथल्या दहाच्या वर्तुळाची त्रिज्या आहे ५ सेंटिमीटर. प्रत्येक गोळी नळीत वेगळ्या अंगाने बसते, त्यामुळे चूकही दर वेळी वेगळ्या दिशेला जाते आणि रायफलीवरची नेम धरायची साइट फिरवून ती भरून काढता येत नाही.

या सूत्रात वेग कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल; राहते ती फक्त पिळाची लांबी. म्हणून गोळीचे डिझाइन आणि कोटिंग यांचा विचार एकत्रच करावा लागतो. लांबवर मारायचे तर गोळी लांब आणि निमुळती हवी, म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो; पण लांब गोळीला सरळ ठेवायला अधिक घट्ट पीळ लागतो. वुलिचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी सूत्र दिले : गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि लांबीने भागा. ७.६२ मिलिमीटर व्यासाची ३० मिलिमीटर लांब गोळी घेतली तर २९० मिलिमीटरला एक फेरा पुरतो. तीच ३६ मिलिमीटर केली तर २४२ हवा. पीळ जितका घट्ट, तितकी असमान थराची शिक्षा मोठी. कवचाच्या कारखानी गोळीचा गाभा काटेकोर मध्यावर असतो, तिला हे परवडते. ओतलेल्या गोळीला परवडत नाही, आणि तिचे लांब नाक नळीतल्या धक्क्याने वाकण्याचीही भीती असते. म्हणून मी मावसभावाला सुचवले ते असे की लांबीचा हव्यास सोडावा, पुरेल इतकाच पीळ घ्यावा, आणि मेणाच्या खाचा आता लागत नसल्यामुळे त्या साच्यातून काढून गोळीची बाजू गुळगुळीत ठेवावी, म्हणजे थर असमान बसायला कोपरेच उरणार नाहीत. खोल कोपऱ्यात पावडर जात नाही आणि कडेवर साचते, हे आमच्या धंद्यातले पहिले दुखणे आहे. साचा मात्र थराच्या दुपटीने लहान व्यासाचा कापून घ्यावा लागतो. कोटिंगनंतर भोकात बोल्ट जात नाही म्हणून भांडायला येणारी गिऱ्हाइके हा हिशेब आधी करत नाहीत.

‘पण मी मायक्रोमीटरने प्रत्येक गोळी मोजतो,’ असे तो म्हणाला. मायक्रोमीटर व्यास मोजतो, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज. ३० आणि ३० ची बेरीज ६०, आणि ४० आणि २० चीही ६०. डायल गेजवर फिरवून पाहिले तरी बाहेरचा गोलपणाच कळतो, आत शिसे कुठे बसले आहे ते कळत नाही. शेवटी साइझिंगच्या डायमधून, म्हणजे ठरावीक व्यासाच्या पोलादी भोकातून, गोळी दाबून काढली तरी व्यास बरोबर येतो, गाभा मध्यावर येईलच असे नाही. यावर एकच खरी तपासणी आहे, ती म्हणजे प्रत्येक घाण्यातल्या दोन-तीन गोळ्या आडव्या कापून, घासून, भिंगाखाली थर पाहणे. कापलेली गोळी वाया जाते, म्हणून हौशी माणूस ते करत नाही. आम्हीसुद्धा त्या पंख्यांचा माल परत येईपर्यंत केले नव्हते.

मागच्या महिन्यात त्याने अखेर तीन गोळ्या कापल्या. दोघींचा थर चांगला सारखा निघाला. तिसरीचा एका बाजूला ३५ आणि दुसऱ्या बाजूला २२ मायक्रॉन भरला, म्हणजे ३०० मीटरवर जवळजवळ ५ सेंटिमीटरची चूक. ती गोळी ट्रेमध्ये दुसऱ्या गोळीला टेकून भाजली गेली होती. आता त्याला गोळ्या सुट्या उभ्या करायला जाळी हवी आहे, आणि तिच्या घरांचे माप किती ठेवावे हे विचारणारा त्याचा निरोप काल रात्री आला आहे.