'तोरणा' क्रॅश होतोय

आमच्या 'शुद्धलेखन तपासनीस' या प्रोग्रॅमच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या रविवारी १४० मेसेज पडले. गटात माणसं सहा. विषय एकच, पुढच्या रिलीझला, म्हणजे नव्या आवृत्तीला, नाव काय द्यायचं. त्याच दिवशी सकाळी मी विचारलं होतं की स्ट्रिंग फ्रीझची, म्हणजे प्रोग्रॅममधली मूळ वाक्यं गोठवायची, तारीख कोणती धरू या. त्यावर दोन मेसेज आले. एक नुसता अंगठा. दुसरा म्हापशाच्या मैत्रिणीचा, जी कोंकणी अनुवाद सांभाळते: "चवथीआदीं काय मागीर?" म्हणजे चतुर्थीआधी की नंतर?

तिचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, कारण तोवर किल्ले आले होते.

किल्ल्यांची कल्पना नागपूरच्या दादांची. उबंटू ही लिनक्स प्रणाली काढणारे आवृत्त्यांच्या नावांना वर्णक्रमानं प्राणी घेतात, तसे आपण गड घेऊ. अजिंक्यतारा, इरशाळगड, उंदेरी. ई, ऊ, ऐ वगैरे आम्ही गपचूप ओलांडले आणि अर्ध्या तासात 'ढ'च्या ढाकपर्यंत पोचलो. तिथं गाडी अडकली. ङ आणि ञ गाळल्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, पण 'ण' कसा गाळणार? शुद्धलेखन तपासणाऱ्यांनीच न-ण चा घोळ घातला म्हणून लोक हसतील.

ही अडचण आमचीच नाही. ओपनस्टॅक या क्लाउडच्या सॉफ्टवेअरवाले आपल्या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णक्रमानं नावं देत, आणि जिथं त्यांचं संमेलन भरणार त्या भागातलंच नाव शोधायचा त्यांचा रिवाज होता. 'यू'ची पाळी आली तेव्हा संमेलन होतं शांघायला, आणि चिनी भाषा रोमनमध्ये लिहायच्या पिनयिन पद्धतीत 'यू' या अक्षरानं एकही शब्द सुरू होत नाही. शेवटी पार रशियाच्या सीमेवरची उस्सुरी नदी गाठली. झेडपर्यंत पोचल्यावर त्यांनी नावाआधी वर्षाचा आकडा लावायला सुरुवात केली, २०२३.१ अँटिलोप असं. आमचा 'ण' इतक्यात आला नसता ही गोष्ट वेगळी. वर्षाला दोन रिलीझ धरले तरी मी पन्नाशीच्या आसपास पोचलो असतो.

पण किल्ले पडले ते 'ण'मुळे नाही. बेळगावचे मास्तर, जे गटावर दिवसातून एकदाच लिहितात, त्यांनी रात्री लिहिलं: "अहो, बग तर येणारच. उद्या कुणीतरी तक्रार टाकणार, 'तोरणा क्रॅश होतोय'. परवा कुणी लिहिणार, 'सिंहगड पडला'. वाचवेल तुम्हाला?"

गटावर पाच मिनिटं शांतता. मग दादांनी हात जोडलेली बाहुली टाकली.

मास्तरांचं बोलणं मला पटलं, कारण नावापायी फजिती झालेली मी एकदा जवळून पाहिलीय. २०१० ते २०१४ या काळात मी फेडोराच्या, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या पाठबळावरच्या लिनक्स प्रणालीच्या, मराठी अनुवादात फावल्या वेळी हात घालत असे. पुण्यात तेव्हा या कामाला चांगला जोर होता. लोहित फॉन्ट, अनुवाद, शनिवार-रविवारच्या बैठका. ('लोहित' म्हणजे लाल. रेड हॅटनं काढलेल्या फॉन्टला याहून नेमकं नाव सुचलं नसतं. काही नावं अशी बसतात की त्यांच्यावर चर्चाच होत नाही.) ४ ते ६ नोव्हेंबर २०११ ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फडकॉन, म्हणजे फेडोरावाल्यांचं संमेलन, झाली, आणि ८ नोव्हेंबरला फेडोरा १६ आलं. नाव व्हर्न. ती आवृत्ती 'सी' ही संगणकभाषा घडवणारे डेनिस रिची यांना अर्पण केली होती, ते ऑक्टोबरातच गेले होते. सगळं कसं सोज्वळ.

पुढच्या, १७व्या आवृत्तीचं नाव होतं 'बीफी मिरॅकल'.

फेडोराचा नियम गमतीचा होता. नवं नाव आणि जुनं नाव यांच्यात काहीतरी नातं लागायचं, 'हे जसं अमुक आहे तसं तेही अमुक आहे' असं, आणि तेच नातं पुन्हा वापरायचं नाही. लोक नावं सुचवत, वकील ट्रेडमार्क तपासत, उरलेल्यांवर मतदान. 'बीफी मिरॅकल' म्हणजे एक हसरा हॉट डॉग. अमेरिकेतल्या मंडळींचा जुना लाडका विनोद होता तो, आणि मतदानात निवडून आला. तिकडच्यांना त्यात पावात घातलेलं सॉसेज दिसलं. इकडं आम्हाला पहिली दोन अक्षरं दिसली.

मे २०१२ मध्ये रिलीझ झाल्यावर एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात आम्ही मुलांच्या लॅपटॉपवर फेडोरा टाकून द्यायचा कार्यक्रम ठरवला. पोस्टर मी केलं. देवनागरीतच हवं या हट्टापायी नावही देवनागरीत लिहिलं. इंग्रजीत ते जरा लपलं असतं. देवनागरीत 'बीफी' असं ठळक लिहिल्यावर लपायला जागाच राहिली नाही. विभागप्रमुख बाई पोस्टरसमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर केला, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे 'मिरॅकल' ठेवा हवं तर." शेवटी पोस्टरवर नुसतं 'फेडोरा १७' राहिलं. माझं खाण्यापिण्याचं सोवळं काही नाही, पण त्या बाईंचं चुकलं असंही मला वाटत नाही. ज्याला सॉफ्टवेअर द्यायला जातोय त्याच्यासमोर आधी दहा मिनिटं नावाचा खुलासा करावा लागला, तर ते नाव आपल्यापुरतंच मजेदार आहे.

बीफनंतर १८व्या आवृत्तीला 'स्फेरिकल काऊ', म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांच्या विनोदातली गोल गाय. नातं कुठलं ते सांगायला नकोच. मग १९ला 'श्रोडिंगर्स कॅट'. हे नाव मात्र मला मनापासून आवडलं, आणि त्याचं कारण दुष्ट आहे. त्या जर्मन नावातल्या 'ओ'वर दोन टिंबं, पुढं अवतरणचिन्ह. ही दोन चिन्हं पाहून काही प्रोग्रॅम अडखळले, कारण नावात साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडं काही असू शकतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं चौकोनी डबे, फुटलेली जोडाक्षरं आणि भलत्या ठिकाणी जाऊन बसलेली ऱ्हस्व वेलांटी सोसत आलो होतो. आता एका मांजरामुळं सगळ्यांनाच कळलं. डिसेंबर २०१३ च्या विसाव्या आवृत्तीचं नाव 'हायझेनबग', म्हणजे बघायला गेलं की गायब होणारा बग. त्यानंतर फेडोरानं नावंच बंद केली.

नावामागं खरी गरज होती ती डेबियन या जुन्या लिनक्स प्रणालीची, निदान सुरुवातीला. १९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्यानं अर्धवट तयार असलेली डेबियन '१.०' म्हणून छापून विकली. डेबियननं मग १.० हा आकडाच सोडून दिला आणि १९९६ मध्ये थेट १.१ काढली, 'बझ' नावानं. काम चालू असताना नाव, पूर्ण झालं की आकडा. ब्रूस पेरेन्स तेव्हा प्रमुख होते आणि नोकरीला पिक्सार या सिनेमा कंपनीत, म्हणून सगळी नावं तिच्या 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची. कायम अस्थिर राहणाऱ्या शाखेचं नाव 'सिड', खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या पोराचं. याच्यापेक्षा चांगली सूचनापाटी कुणी लावली नसेल. आपल्याकडं बारशाआधी बाळाला बाळ्या, सोन्या काहीही म्हणतात, तसंच हे. कागदावरचं नाव नंतर.

पण त्याच डेबियनमध्ये 'वूडी' आली जुलै २००२ मध्ये आणि त्यानंतरची 'सार्ज' जून २००५ मध्ये. तीन वर्षं 'सार्ज येतेय, सार्ज येतेय'. नावाला तारीख नसते, त्यामुळं ते कधी शिळंही होत नाही. आकड्याचं तसं नसतं. उबंटूची जी सहा-सहाची (६.०६, म्हणजे जून २००६ ची) सीडी कराडच्या होस्टेलवर मला पोस्टानं फुकट आली होती (पोस्टमननं पाकीट दोनदा उलटंसुलटं करून बघितलं होतं), ती खरं तर सहा-चार असायची होती, एप्रिल २००६ ची. दीर्घ काळ सांभाळायची पहिलीच आवृत्ती म्हणून सहा आठवडे जास्त घेतले आणि ती १ जूनला आली. नाव 'डॅपर ड्रेक'च राहिलं, ऐटीत. उशीर झाल्याचं सांगितलं ते आकड्यानं.

तर म्हापशाच्या प्रश्नाकडं येतो, कारण मला खरं बोलायचं होतं ते त्याबद्दल.

स्ट्रिंग फ्रीझ म्हणजे अमुक तारखेनंतर प्रोग्रॅममधल्या मूळ वाक्यांना कुणी हात लावायचा नाही, म्हणजे अनुवाद करणाऱ्यांना निवांत काम करता येतं. मूळ वाक्यात स्वल्पविराम जरी हलला तरी अनुवाद 'फझी' ठरतो, आणि फझी अनुवाद पडद्यावर दिसतच नाही, त्या जागी इंग्रजी दिसतं. बऱ्याच प्रकल्पांचं वर्ष वसंत आणि शरद असं दोन भागांत विभागलेलं. फेडोराची जुनी आखणी तर १ मे आणि ३१ ऑक्टोबर यांच्या आधीचा मंगळवार अशी होती. म्हणजे शरदातल्या रिलीझचा अनुवादाचा शेवटचा धावपळीचा काळ येतो बरोबर भाद्रपदात. नाताळ आणि थँक्सगिव्हिंग आखणीत आधीच वगळलेले असतात. गौरी-गणपती कुठल्या तक्त्यात मी पाहिले नाहीत. त्यात कुणाचा आकस नाही, तक्ता करणाऱ्याच्या भिंतीवर कालनिर्णय नसतं एवढंच.

२०१२ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मी चिपळूणजवळ गावी. एका प्रोग्रॅमचा (नाव राहू दे) अनुवाद शंभर टक्के करून, कुंभार्ली घाट उतरून निर्धास्त गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर मेल. फ्रीझ होऊन गेलेली असताना कुणीतरी मेनूमधली तीन सुटी टिंबं काढून त्या जागी तीन टिंबांचं एकच चिन्ह घातलं होतं. दिसायला फरक शून्य. माझी ४३ वाक्यं फझी. फ्रीझ मोडायची तर अनुवादकांना आधी विचारायचं असतं. ते विचारणंही झालं होतं म्हणे, मेलवर, आदल्या रात्री, आणि कुणी हरकत घेतली नाही म्हणून ते मंजूर. मी त्या वेळी आरतीला टाळ वाजवत होतो.

रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. लॅपटॉप, डोंगल आणि छत्री घेऊन मी तिथं बसलो, पाऊस वाकडा येत होता. एकेक वाक्य उघडायचं, तीन टिंबं पुसायची, एक चिन्ह घालायचं. काकू पाणी न्यायला आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "टिंबंच मोजतोयस मघापासून. पुण्यात याचे पैसे देतात?" देत नाहीत म्हटल्यावर तिनं जे तोंड केलं ते मी विसरलेलो नाही. फाइल वर चढली तेव्हा खालच्या घरातली आरती संपली होती आणि मोदक गार झाले होते.

अशा रिलीझच्या नावाचा वाद कितीही रंगो, तारखेचा फटका शेवटच्या माणसाला बसतो. तपासनिसात आता मी फ्रीझ ठरवणाऱ्यांच्या बाजूला आहे, आणि विहिरीच्या कठड्यावर बसणार ती म्हापशाची मैत्रीण. तिच्याकडं चवथ दीड दिवसाची नाही, अकरा दिवसांची आहे.

सोमवारी मास्तरांनीच पुन्हा तोडगा काढला. नावंबिवं नकोत, आकडा तारखेचा, २६.१०. पण वेळापत्रक मराठी महिन्यांनी बघून आखा. दादा म्हणाले यंदा मग घोळ होईल, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. मास्तर म्हणाले, "घोळ कसला, सोयच. अधिकात नवं काही सुरू करत नाहीत. तो महिना फक्त बग काढायचे." गटात यावर कुणीच वाद घातला नाही, हे आमच्याकडं पहिल्यांदाच घडलं. त्या महिन्यात जी दुरुस्ती-आवृत्ती निघेल तिच्यापुरता मात्र नावाचा मोह आवरला नाही. तिचं नाव 'धोंडा'. तो क्रॅश झाला तरी कुणाच्या भावना दुखावणार नाहीत, आणि जावई असलेल्या दोघांनी अनारसे कधी म्हणून विचारूनही झालं.

स्ट्रिंग फ्रीझ १ सप्टेंबरला. चतुर्थी १४ ला आहे. मधले दिवस अनुवादाचे, त्यानंतरही पंचवीस तारखेपर्यंत मूळ वाक्यांना कुणी हात लावायचा नाही, टिंबालाही नाही. हे गटावर टाकलं तर म्हापशाहून एका शब्दाचं उत्तर आलं, "बरें". बाकीच्यांचे अंगठे.