कार्ड हाती आले, दवाखाना दुरावला

मेक्सिकोतील क्वेरेतारो शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी टॉर्टियांचे एक छोटे दुकान आहे. मक्याच्या गरम टॉर्टिया कागदात गुंडाळून देणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या मालकीणबाईंना सगळे आदराने 'दोन्या' म्हणतात. दर दोन महिन्यांनी त्यांच्या खात्यात सरकारी पेन्शन जमा होते. २०२४ मध्ये ती ६,००० पेसो होती, म्हणजे महिन्याला साधारण १४ हजार रुपये. पेन्शनचे कार्ड दाखवताना त्या नेहमी म्हणतात, "आंद्रेस मानुएल नसते तर हे मिळाले नसते."

आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२४ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. 'सर्वांच्या भल्यासाठी, आधी गरीब' ही त्यांची घोषणा. रोज सकाळी सात वाजता ते पत्रकारांसमोर उभे राहत आणि दोन-दोन तास बोलत. सत्तेवर येताच त्यांनी अध्यक्षीय निवासस्थान लोकांसाठी खुले केले. मला या साधेपणात थोडे नाटक दिसे. परंतु ज्यांच्याशी आजवर कोणी बोललेच नव्हते, त्यांना त्यात आपलेपणा दिसला, हेही खरे.

मला विचाराल तर त्यांचे खरे काम पेन्शनपेक्षा मजुरीत आहे. २०१८ मध्ये देशातील किमान वेतन दिवसाला ८८ पेसो होते, ते २०२४ मध्ये सुमारे २४९ पेसोंवर गेले; महागाई वजा केली तरी ही वाढ दुपटीच्या आसपास भरते. मजुरी वाढली की कारखाने बंद पडतील, असे मीही आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आत्मविश्वासाने सांगत असे. तसे काही झाले नाही. पहिल्या वर्षाची कायदेशीर पगारी रजाही २०२३ पासून सहा दिवसांवरून बारा दिवसांवर गेली. सरकारी मोजणीनुसार २०१८ ते २०२४ या काळात सुमारे १.३ कोटी लोक दारिद्र्यातून बाहेर आले. अर्थात, निम्म्याहून अधिक कामगार असंघटित असलेल्या या देशात किमान वेतनाचा कायदा दोन्यांसारख्यांच्या दुकानात शिरतच नाही.

आणि नेमक्या याच लोकांचा दवाखाना हिरावला गेला. नोकरीतून विमा न मिळणाऱ्यांसाठी असलेली जुनी आरोग्य योजना २०२० च्या सुरुवातीला मोडीत काढली गेली. तिच्या जागी आलेली संस्था तीन वर्षांतच गुंडाळावी लागली. डेन्मार्कसारखी आरोग्यसेवा देऊ, असे अध्यक्ष सांगत राहिले. प्रत्यक्षात आरोग्यसेवेपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण २०१८ मधील १६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३९ टक्क्यांवर गेले आणि नंतरही थोडेच खाली आले. माया रेल्वे हा आग्नेय मेक्सिकोतील नवा लोहमार्ग आणि नवा तेलशुद्धीकरण कारखाना, या त्यांच्या आवडत्या प्रकल्पांसाठी मात्र पैसा कमी पडला नाही.

दोन्यांना मधुमेह आहे. सरकारी रुग्णालयात औषध संपले की त्या औषधाच्या दुकानाला लागून असलेल्या छोट्या खोलीतील डॉक्टरांकडे जातात. तिथे तपासणी स्वस्त असते, पण औषधे शेजारच्या काउंटरवर पूर्ण किमतीत घ्यावी लागतात. गेल्या महिन्यात त्यांनी तिथे कार्ड पुढे केले, तेव्हा मी मागेच उभा होतो. पेन्शनचा बराचसा भाग त्या एका पिशवीत गेला. बाहेर आल्यावर, याचा राग येत नाही का, असे मी विचारले. "रुग्णालयातले लोक चोर आहेत," त्या म्हणाल्या, "आंद्रेस मानुएलना हे कोणी सांगितलेच नसणार."